कव्हाचा आकडा?

रामकिसन आप्पा डोईफोडे यांना तुम्ही “कसं काय, बरं आहे ना?” असं विचारलंत, तर ते उत्तर देण्याआधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. मग म्हणतात, “आत्ता, नऊ चाळीसला, बरा हाय. सकाळी सातला पोट दुखायलं होतं. पुढचं म्हाईत न्हाई.”

ही थट्टा नाही. आप्पांना थट्टा करता येत नाही. वेळ सांगितल्याशिवाय त्यांच्या तोंडून बातमी निघत नाही आणि वेळ कळल्याशिवाय दुसऱ्याची बातमी ते घेत नाहीत. “आप्पा, गावात लाईट आहे,” म्हटलं की “कव्हाची खबर?” “आप्पा, बाजारात टमाटे स्वस्त झालेत,” म्हटलं की “कव्हाचा भाव?” घरी काकूंनी विचारलं, “भाजीत मीठ बरोबर हाय का?” तर म्हणे आप्पा म्हणाले, “पहिल्या घासाला होतं.” काकूंनी तेव्हापासून विचारणं सोडून दिलं.

एकदा नात्यातल्या मुलीची सोयरीक जमवायला आप्पांना सोबत नेलं. मुलाकडचे म्हणाले, “आमचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे.” झालं, आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. “कव्हाची खबर हाय ही?” मुलाच्या चुलत्याने खाकरून सांगितलं की दोन महिन्यांपूर्वीपर्यंत होता. सोयरीक तिथेच मोडली. तेव्हापासून मुलींचे बाप आप्पांना आग्रहाने सोबत नेतात आणि मुलांचे बाप ते आलेत म्हटलं की चहा पातळ करतात.

आप्पा आमच्या भागातल्या पाणीयोजनेत ऑपरेटर आहेत. तलावाच्या खाली पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, त्याला सगळे नुसतं ‘फिल्टर’ म्हणतात. फिल्टरचं पाणी नऊ किलोमीटरवर घाटाच्या पायथ्याशी एका हौदात जातं आणि हौद भरला की आपोआप थांबतं. तिथला मोठा पंप, म्हणजे ‘बूस्टर’, ते पाणी घाट चढवून धारूरच्या बाजूला डोंगरावरच्या टाकीत टाकतो आणि टाकीतून ते वरच्या गावांना मिळतं. पूर्वी बूस्टरवर माणूस असे. नंतर माणूस काढला आणि पीएलसी बसवलं. पीएलसी म्हणजे पॅनलमधला करडा डबा. पंप चालू आहे की बंद, टाकीत पाणी किती, पाईपातून किती वाहतंय, हे सगळं त्याला कळतं आणि ते तो आपल्या पोटातल्या नंबर दिलेल्या खणांत लिहून ठेवतो.

त्या खणांतले आकडे वाचून नऊ किलोमीटर अलीकडे, आप्पांच्या समोरच्या स्क्रीनवर आणायचं काम माझ्याकडे आलं. अंबाजोगाईत आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. मी स्वतःला फार हुशार समजत होतो. कव्हाचं म्हणाल, तर गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंतचं.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड फारसा लिहावा लागत नाही. स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि एकातून दुसऱ्यात तारा ओढायच्या. पहिला चौकोन पीएलसीतून आकडा आणतो, दुसरा तो तपासतो, तिसरा दाखवतो. साठीला टेकलेल्या माणसाला हे समजावण्यात माझा दिवस जाणार, या तयारीने मी बसलो होतो. आप्पांनी दोन मिनिटं बघितलं.

“म्हंजी दारं धरायचंच काम हाय की,” ते म्हणाले. “हिकडून पाणी आलं, ह्या वाफ्यात सोडलं, त्यो भरला का दार मोडून त्या वाफ्यात.”

यापेक्षा चांगलं मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण तेव्हा मी फक्त हसलो.

मग मी आकडे सुरू केले आणि वरच्या टाकीची पातळी चारशे अकरा मीटर आली. टाकी पाच मीटर उंच आहे. खणांचे नंबर काही यंत्रं शून्यापासून मोजतात, काही एकपासून. तिथे माझी एकाची चूक झाली होती आणि मी पातळीच्या शेजारचा, विजेच्या दाबाचा खण वाचत होतो. आप्पा शांतपणे म्हणाले, “शेजारच्या घरात शिरलात.” मी नंबर एकाने मागे घेतला. तीन मीटर वीस सेंटिमीटर आले. मला वाटलं, आता तरी म्हातारा खूश होईल.

“बरं,” आप्पा म्हणाले. “पण ह्यो आकडा कव्हाचा?”

“आत्ताचा.”

“आत्ता म्हंजी कव्हाचा?”

“आप्पा, आत्ता म्हणजे आत्ता. लाइव्ह.”

“त्याच्यापुढं टाईम लिवा.”

रोज हेच. मी गेलो की चहा आणि चहासोबत “टाईम लिवा.” त्यांच्या टेबलावर एक शाळेची वही असे. फिल्टरमधून बाहेर जाणाऱ्या पाईपावर जुनं काट्याचं मीटर आहे, त्याचा आकडा ते दर अर्ध्या तासाला त्या वहीत लिहीत. आधी वेळ, मग आकडा. स्क्रीन आली तरी वही बंद झाली नाही. मला त्या वहीचा राग यायचा. एवढं सगळं करून दिलंय आणि हा माणूस पेन्सिलीला टोक काढतोय.

शेवटी कंटाळून मी त्यांच्यासाठी घड्याळ बसवलं. प्रत्येक आकड्याच्या खाली छोट्या अक्षरांत वेळ, सेकंदासकट. आप्पांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ते ताडून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. “आता कसं!”

ते घड्याळ लॅपटॉपचं होतं. आकडा केव्हा आला याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मी म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला एक पळतं घड्याळ चिकटवून दिलं होतं आणि वर ऑफिसात जाऊन ही गोष्ट हसत हसत सांगितली होती.

आता दुसरा माणूस. योजनेचा पाईपलाईन फिटर उत्तम डोईफोडे हा आप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पंधरा वर्षं झाली. गावात सगळे म्हणतात, बांधाचं भांडण. पण काम एकाच योजनेत, त्यामुळे बोलल्याशिवाय भागत नाही. उत्तम फिल्टरच्या दारात उभा राहतो, आप्पा आत खुर्चीवर. मधे चार हातांचं अंतर.

“इंजिनेर,” उत्तम मला म्हणतो, “ऑपरेटरला सांगा, आठ नंबरचा व्हॉल्व्ह गळायलाय.”

“इंजिनेर,” आप्पा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतात, “फिटरला इचारा, कव्हापासून.”

“ऑपरेटरला सांगा, कालपासून.”

“फिटरला म्हणावं, काल किती वाजता.”

मी तोंड उघडायच्या आत एकाचा प्रश्न दुसऱ्यापर्यंत गेलेला असे. तरीही मी मान डोलवावी, अशी दोघांची अपेक्षा असे. मी डोलवत असे. मी नसताना ही मान वॉचमन डोलवी.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. घाटातला तो आठ नंबरचा व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायचा होता. हा व्हॉल्व्ह बूस्टरच्या वर दोन किलोमीटरवर एका चेंबरमध्ये आहे. चेंबर म्हणजे रस्त्याकडेचा खड्डा, दीड पुरुष खोल, अरुंद, वर लोखंडी झाकण आणि आत मोबाईलला रेंज नाही. बूस्टरपासून चेंबरपर्यंत नुसता सरळ पाईप, मधे दुसरा व्हॉल्व्ह नाही. माणूस आत असताना पंप चालू झाला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

दहाच्या सुमाराला उत्तमने बूस्टरवर जाऊन पंप बंद केला, पाईप रिकामा केला, पॅनलच्या खोलीला कुलूप लावलं आणि मला फोन केला. “इंजिनेर, ऑपरेटरला स्क्रीनवर बघाया सांगा. बंद दिसायलाय का?”

मी फिल्टरवरच होतो. स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘बंद’ होतं, प्रवाह शून्य. आप्पा म्हणाले, “फिटरला सांगा, दिसायलाय. एकल्यानं उतरू नको म्हणावं.” उत्तमचा जोडीदार वायसर आणायला धारूरला गेला होता, येतच होता. उत्तम म्हणाला, बरं, आणि फोन ठेवला.

साडेअकराचा आकडा लिहायला आप्पा वही घेऊन मीटरपाशी गेले. दहा मिनिटं झाली तरी परत आले नाहीत, म्हणून मी बाहेर डोकावलो. आप्पा पाईपाला कान लावून वाकले होते.

“पाईप बोलायलाय,” ते म्हणाले.

“बोलणारच. पाणी चाललंय.”

“कावून चाललंय?” त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी विरलं. “बूस्टर दहाला बंद झाला. हौद पावणेअकराला भरला, अकराला मीटर थांबलंतं, वहीत हाय. भरल्या हौदाला पाणी कशाला पायजे?”

मला अजूनही कळलं नव्हतं. आप्पा ताडताड आत आले आणि स्क्रीनसमोर उभे राहिले. पंप बंद. प्रवाह शून्य. त्याखाली घड्याळ: अकरा चाळीस आणि बारा सेकंद, तेरा सेकंद, चौदा सेकंद.

“इंजिनेर, ह्यो टाईम आकड्याचा हाय का?”

मी कीबोर्डकडे बघू लागलो.

“मी काय इचारायलोय? ह्यो टाईम त्या शून्याचा हाय, का तुमच्या मशीनचा?”

“मशीनचा,” मी म्हणालो.

मी घाईघाईने आतल्या नोंदी उघडल्या. बूस्टरवरच्या सिमकार्डची रेंज दहा वाजून बावीस मिनिटांनी गेली होती. त्यानंतर एकही आकडा आलेला नव्हता. आणि मीच मधे एक चौकोन बसवून ठेवला होता की आकडा बदलला तरच पुढे पाठव, उगाच लाईनवर भार नको. त्यामुळे काहीच आलं नाही तरी स्क्रीनला ते कळणार नव्हतं. सव्वा तास तिथे जुनं शून्य दिसत होतं आणि त्याच्याखाली माझं घड्याळ पळत होतं.

“उत्तमला फोन लावा.”

मी नंबर शोधू लागलो. आप्पांनी दहाच्या दहा आकडे एका दमात सांगितले. पंधरा वर्षांत त्यांनी तो नंबर एकदाही लावलेला नव्हता. फोन लागला नाही, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. म्हणजे उत्तम खाली उतरला होता. जोडीदाराचा फोन लावला, तो धारूरमध्येच होता, दुकान उघडायची वाट बघत. बूस्टरची वीज बंद करायला लाईनमनला लावला, त्याचा फोन दुसऱ्या कॉलवर.

आप्पांनी वही उघडली. “अकराला मीटर थांबलेलं. साडेअकराला एवढं पुढं. मिनटाला इतकं जातं…” ते पुटपुटत होते, पेन्सिल कागदावर चालत होती. “अकरा वीसला बूस्टर चालू झालाय. रिकामा पाईप भराया अर्धा घंटा, लई तर पाऊण. गाडी काढा.”

ड्यूटीवर असताना आप्पा फिल्टरच्या फाटकाबाहेर कधी पाऊल टाकत नाहीत, ही त्यांची ख्याती. त्या दिवशी वॉचमनला खुर्चीवर बसवून ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. हातात मोठा पाना होता, तो कशाला घेतला हे त्यांनाही ठाऊक नसावं. नऊ किलोमीटरचा रस्ता, अर्धा उखडलेला. एका ठिकाणी शेळ्यांचा कळप आडवा आला आणि मी ब्रेक मारला, तेव्हा आप्पा मागून इतक्या जोरात ओरडले की शेळ्यांआधी शेळ्यावाला पळाला. बाकी सगळ्या वाटेत ते फक्त वेळ सांगत होते. “अकरा अठ्ठेचाळीस.” “अकरा एक्कावन.” मला वाटत होतं, ओरडावं, गप्प बसा. पण कोणत्या तोंडाने ओरडणार होतो?

बूस्टरच्या खोलीचं कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. पंपाचा आवाज रस्त्यावरच ऐकू आला. दाराशी सावलीत पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस खुर्ची टाकून बसला होता, वरच्या गावातल्या एका पुढाऱ्याचा माणूस. या योजनेच्या प्रत्येक कुलपाची एक किल्ली अशा कुणाकडे तरी असतेच.

“या आप्पा,” तो म्हणाला. “घरी लगीन हाय, टाकीत पाणी न्हवतं. म्हटलं आपणच सोडावं, तुमाला कशाला तरास.”

आप्पा त्याच्या अंगावरून आत गेले आणि लाल बटण दाबलं. पंप थांबला. मग ते दारात आले.

“कव्हा चालू केला?”

“झाला असंल अर्धा घंटा. कावून?”

आप्पांनी मनगटाकडे पाहिलं. अकरा छप्पन. त्यांनी मला खुणेनेच गाडी काढायला सांगितलं. त्या माणसाला चार शिव्या द्याव्यात असं मला फार वाटलं. पण त्याने जी चूक केली होती ती निदान उघड उघड केली होती.

घाट चढताना शेवटच्या वळणावर आप्पांनी माझा खांदा दाबला. “थांबा.” चेंबर तिथून शंभर पावलांवर होतं. ते गाडीवरून उतरले आणि तिथेच उभे राहिले.

“तुमी जा. बघून या.”

“आप्पा, चला ना.”

“माझ्यानं व्हायचं न्हाई,” ते म्हणाले. “जा, बाबा.”

मी पळत गेलो. झाकण बाजूला पडलं होतं. खड्डा काठोकाठ भरला होता आणि गढूळ पाणी रस्त्यावर वाहत होतं. काठावर पाना होता. पाण्यावर एक चप्पल तरंगत होती. मी “उत्तमराव!” अशी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसरी हाक मारेपर्यंत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मी इथे लिहीत नाही.

“हिकडं हाय,” मागून आवाज आला.

उत्तम बाभळीच्या बुडाशी बसला होता. नखशिखान्त भिजलेला, एका पायात चप्पल, कोपर सोललेलं. सदरा पिळत होता.

“पैल्यांदा वारं आलं,” तो म्हणाला. “पाईपातून शिट्टी वाजल्यावानी. म्हटलं, ही हवा कुठली? तसाच शिडीला लोंबकळलो. पाय वर घेतला न् घेतला तर खालून पाणी. जोडीदार न्हवता, चूक झाली. पंप कुणी बंद केला?”

मी वळणाकडे बोट दाखवलं. उत्तम उठून उभा राहिला. खाली आप्पा आमच्याकडे पाठ करून गाडीपाशी उभे होते. कितीतरी वेळ उत्तम त्या पाठीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हाक मारेल.

“इंजिनेर,” तो म्हणाला, “ऑपरेटरला सांगा, फिटर भाईर हाय.”

मी खाली आलो. आप्पांनी वळून पाहिलं नाही. “कव्हाचं?” त्यांनी विचारलं.

“आत्ताचं, आप्पा. डोळ्यांनी बघून आलो. बोललो त्याच्याशी.”

आप्पा रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. मी शेजारी उभा होतो. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढे तीन-चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागायला. आप्पा रानात गेले होते. काकूंनी चहा दिला. मी बांधाच्या भांडणाचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “बांध कुठला? बांध दोघांनी मिळून घातलाय.” मग त्यांनी सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी सासूबाई अंबाजोगाईला दवाखान्यात होत्या. उत्तम त्यांच्यापाशी, आप्पा इथे कामावर. उत्तमने पहाटे एसटीने येणाऱ्या गावच्या एका माणसाकडे निरोप दिला, आई बरी हाय, ड्यूटी करून या. त्या माणसाने आधी आपला बाजार उरकला आणि दुपारी बाराला निरोप पोचवला. आप्पांनी निवांत ड्यूटी पुरी केली. आई सकाळी दहालाच गेलेली होती. उत्तम म्हणाला, तू यायला पायजे होतंस. आप्पा म्हणाले, तू दुसरा निरोप धाडायला पायजे होतास. तिरडीपाशी तेवढंच बोलणं झालं, नंतर नाहीच.

“दोघांचंबी खरंच हाय,” काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

आप्पांनी माझी तक्रार कुठेही केली नाही. मी सगळी जोडणी मोडून नव्याने मांडली. आता प्रत्येक आकडा पीएलसीतून निघताना स्वतःची वेळ बरोबर घेऊन येतो आणि अर्ध्या मिनिटात नवा आला नाही तर जुना पुसला जाऊन तिथे नुसती रेघ दिसते. पहिल्यांदा रेंज गेली आणि पडद्यावर रेघाच रेघा आल्या, तेव्हा आप्पा बराच वेळ समाधानाने बघत राहिले. “म्हाईत न्हाई म्हणणारं मशीन आज बघितलं,” ते म्हणाले.

मग एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं. घाटातल्या चेंबरच्या झाकणाला एक स्विच बसवता येईल का? झाकण उघडलं की इथे दिसावं, लागलं की इथे दिसावं. “आत माणूस हाय का न्हाई, एवढं कळलं तरी लई झालं. कुणाला सांगू नका.”

स्विच बसवायला फिटर लागतो. उत्तमनेच तो बसवला. तार ओढता ओढता त्याने विचारलं, “ही खबर कुठं जाती?”

“कंट्रोल रूमला,” मी म्हणालो.

“कंट्रोल रूममधी कोण बसतं ते मला म्हाईत हाय,” तो म्हणाला आणि स्क्रू आवळू लागला.

पावसाळा लागला. आठ नंबरच्या व्हॉल्व्हचं काम कधीच संपलं होतं, तिकडे कुणी जायचं कारण उरलं नव्हतं. ऑक्टोबरात मी सहज नोंदी चाळत होतो, तर रोज सकाळी सव्वानऊच्या आसपास एक ओळ: झाकण उघडलं. लगेच दुसरी: झाकण बंद. रोज. मला वाटलं, स्विच सैल झालाय. पाना घेऊन एका सकाळी मी घाटात गेलो. उत्तमची गाडी आली. तो उतरला, झाकण वर केलं, आत बघितलंसुद्धा नाही, खाली ठेवलं आणि गाडीला किक मारून गेला. मी झाडामागे होतो, त्याने मला पाहिलं नाही.

परत येऊन मी पुन्हा नोंदी काढल्या. त्यांत रविवारही होते. रविवारी उत्तमला सुट्टी असते. आणि आप्पांनाही असते.

पुढच्या रविवारी मी नऊ वाजता फिल्टरवर पोचलो. आप्पा खुर्चीवर होते. “मीटरची काच पुसाया आलतो,” त्यांनी न विचारता सांगितलं. सव्वानऊ झाले. नऊ सोळाला स्क्रीनवर आलं: झाकण उघडलं. आप्पांनी चहाचा कप उचलला आणि वाट पाहू लागले.

झाकण बंद झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. वेळ खरी होती, आकडा ताजा होता, यावेळी माझ्याकडे कसलीही सबब नव्हती. पाचव्या मिनिटाला आप्पांनी कप ठेवला. सातव्याला ते उठून उभे राहिले. मी गाडीची किल्ली काढली. त्यांनी हाताने मला थांबवलं, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि नंबर दाबला. रिंग वाजत होती, मलाही ऐकू येत होती. चार वेळा वाजली.

“उत्तम,” आप्पा म्हणाले. “झाकण उघडं ऱ्हायलंय.”

पलीकडे वारं ऐकू येत होतं.

“म्हाईत हाय, दादा,” उत्तम म्हणाला.

दोघंही पुढे काही बोलेनात, आणि फोनही कुणी ठेवेना. मी हळूच बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.